पेरभर उदबत्ती

पिंपळी, ता. बारामती
श्रावणाचा शेवटचा आठवडा

प्रिय ऋषिराज,

अक्षर ओळखलंस का? नसेल ओळखलं तर खाली सही बघ आणि पुन्हा वर ये. पाकिटात वर्तमानपत्राच्या कागदाची एक छोटी पुडी आहे, ती आत्ता उघडू नकोस. पत्र वाचून झालं की उघड. तुझा उतावळा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून पुडीला दोऱ्याच्या चिक्कार गाठी मारल्यात. तुझा पत्ता तुझ्या थोरल्या भावाकडून, आप्पासाहेबांकडून घेतला. कशाला हवा, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. राउरकेला कसं लिहायचं तेवढं मात्र दोनदा विचारून घेतलं. ते फोन नंबरही देत होते, पण जे सांगायचं आहे ते फोनवर सांगताना माझा आवाज टिकला नसता. तुझ्या बायकोने हे पत्र वाचलं तरी माझी हरकत नाही. उलट वाचावंच तिने. तिच्या नवऱ्याला आतून काय खातंय, हे तिलाही कळू दे.

आई कशी आहे, हे तू मनात विचारशीलच. त्यावर मी शेवटी येते. आधी विमानाचं लिहू दे, कारण सगळं त्यातूनच निघालं. सुयोगचं ग्लायडर मी पुन्हा मढवलं, ऋषिराज. जुना कागद काढून नवा चढवला. दचकलास ना? तुला वाटलं असेल ते केव्हाच जाळलं असणार. नाही जाळलं. माझा भाऊ गेला त्या आठवड्यातच आईने ते आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. त्याला कोणी हात लावायचा नाही, असा तिचा दंडक होता. माझी सोनल लहान असताना एकदा माळ्यावर चढली आणि लुगड्याची गाठ सोडायला लागली. आजीने नातीवर आयुष्यात एकदाच हात उचलला, तो त्या दिवशी. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, पोराची शेवटची वस्तू आहे, म्हणून जीव अडकलाय तिचा.

लग्नानंतर मी इंदापूरलाच, सासरी होते. माझे यजमान अजितराव गेले, सोनल लग्न होऊन पुण्याला गेली, मग मी इंदापूरचं शिवणाचं दुकान बंद केलं आणि मशीन घेऊन आईजवळ पिंपळीला आले. आईचे पाय गेले होते, पण जीभ शाबूत होती. या उन्हाळ्यात माळ्यावर उंदीर झाले. मी झाडू घेऊन शिडीवर चढले, तर खाटेवरून तिचा आवाज आला, "ते इमान खाली काढ. कुरतडलं असंल. नीट कर त्येला." मी शिडीवरच थांबले. इतक्या वर्षांत तिने त्या वस्तूचं नावही घेतलं नव्हतं. मी म्हटलं, आई, नक्की का? तर म्हणाली, "आता किती दिस ऱ्हायल्यात माझं. बघू दे काय हाय त्यात." हे शेवटचं वाक्य मला तेव्हा नीट कळलं नाही.

लुगडं मी पडवीत आणून सोडलं. पिवळे पंख आठवतात ना तुला? नागपंचमीला उरलेला पतंगाचा कागद होता तो, बारामतीच्या बाजारातून आणलेला. शेपटाला लाल, उसात पडलं तर लांबून दिसावं म्हणून. सुयोग पुण्याला कॉलेजात एनसीसीच्या विमानदळात हे खूळ शिकून आला, येताना वहीच्या पुठ्ठ्यात जपून बाल्साच्या, त्या पिसासारख्या हलक्या लाकडाच्या, फळ्या आणल्या. बारामतीच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ विमानं आपल्या डोक्यावर रोजच घिरट्या घालायची, तरी त्याला स्वतःच्या हातचं विमान हवं होतं. तुम्ही दोघं आमच्या पडवीत दिवसदिवस बसायचात. तू मैद्याची खळ शिजवायचास आणि आईची पातेली करपवायचास. मी कागद लावू का विचारलं की सुयोग म्हणायचा, तू झंपर शीव, हे तुझं काम न्हाय. आता मीच लावला कागद, आणि एक चुणी नाही त्यावर. त्याने ते बघायला हवं होतं, मग मी त्याला सोडला नसता.

सोनलने पुण्याहून पातळ टिश्यू कागद आणि बाल्साचे तुकडे पाठवले. मोबाइलवर ती मला एका इंग्रज म्हाताऱ्याचे व्हिडिओ दाखवायची. तो त्याच्या गॅरेजमध्ये बसून जुनी ग्लायडरं मढवतो. त्याचं बोलणं मला कळत नाही, पण हात कळतात. कापडाला उभा धागा असतो तसा कागदालाही असतो, तो पंखाच्या लांबीत धरायचा, एवढं मला त्याच्या बोटांवरून समजलं. पण त्याच्या गॅरेजमध्ये आणि माझ्या पडवीत फरक होता. त्याचं विमान फक्त जुनं होतं.

हे विमान उडतं कसं, ते सोनलला मी समजावून सांगितलं तेव्हा तिला खरंच वाटेना. तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. विमानाला इंजिन नाही. एकाने लांब दोरी धरून वाऱ्याच्या तोंडावर पळायचं. दुसऱ्याने मागे विमान धरून उभं राहायचं आणि दोरी ताणली की सोडून द्यायचं. पतंगासारखं ते वर चढतं, मग दोरी सुटते आणि ते आपलं आपण घिरट्या घालत राहतं. उन्हाळ्यात जमिनीतून गरम हवा वर उठते, त्या हवेत सापडलं की ते खाली यायलाच तयार होत नाही. म्हणून ती उदबत्तीची युक्ती. शेपटाचा छोटा पंख रबराने खाली ताणून धरायचा आणि रबरात उदबत्तीचा तुकडा खोचायचा. उदबत्ती जळत रबरापर्यंत पोचली की रबर तुटतं, शेपूट वर उचललं जातं आणि विमान घिरट्या सोडून सावकाश खाली बसतं. लाकूड पेटू नये म्हणून तुकड्याचं टोक बॉलपेनच्या पितळी रिफिलीच्या नळीत बसवलेलं, तिथे येऊन ती विझते. तुकडा बोटाच्या एका पेराएवढा कापायचा, हे माप सुयोगचं. आणि लावायचं काम मागे विमान धरणाऱ्याचं, म्हणजे तुझं. आई कुरकुर करायची, "देवाच्या उदबत्त्या इमानाला घालवत्यात." पण देव्हाऱ्यातून काढून तीच द्यायची.

आता त्या दिवसाबद्दल लिहिते. नको वाटलं तरी वाच. पिंपळीत सगळा ऊस, विमान त्यात गेलं की शोधता शोधता अंग सोलून निघायचं. म्हणून तुम्ही इंदापूरकडे, उजनीच्या पाण्याकाठी माझ्या मावशीच्या गावाला निघालात. वैशाखात पाणी लांब मागे हटतं, मोकळं रान पडतं, ना झाड ना तार. मी डबा घेऊन बरोबर आले, मावशीला भेटायचं निमित्त करून. खरं निमित्त तुला माहीत होतं आणि सुयोगलाही, म्हणून तर तो एसटीत वाटभर हसत होता. मी एका बाभळीखाली बसले. सुयोग दोरी घेऊन पार पुढे गेला. तू विमान गुडघ्यावर घेऊन शेपटाशी वाकून काहीतरी करत होतास, मग उठून उभा राहिलास. तिकडून सुयोग ओरडला, "लावली का रं?" तू हात वर केलास. आणि हात वर असतानाच मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. मी हसले.

विमान चढलं, दोरी सुटली, सुरेख घिरट्या घ्यायला लागलं. वारा पाण्याकडे होता. आता शेपूट उचललं जाईल, मग उचललं जाईल, म्हणून आपण तिघं मान वर करून थांबलो. शेपूट उचललं गेलं नाही. विमान लांब लांब जात उन्हाच्या झळांत ठिपका झालं. सुयोग त्याच्यामागे पळत सुटला, पळता पळता मागे वळून तुला म्हणाला, "ऋष्या, लावली न्हाईस व्हय रं?" रागाने नव्हे, हसतच म्हणाला. त्याचे शेवटचे शब्द ते. धरणाचं पाणी हटलं की मागे जो गाळ उरतो, त्यावर उन्हाने पापडी धरते, भेगा पडतात, बघणाऱ्याला ती कोरडी जमीनच दिसते. मावशीच्या गावचं लहान पोरही त्यावर पाय ठेवत नाही. आपण कालव्याकाठची माणसं, आपल्याला धरणाचा गाळ काय ठाऊक. मासेमार गुळाची काहील घेऊन आले, ती गाळावरून सरकवत नेली. विमान पापडीवर जसंच्या तसं बसलेलं होतं. ते इतकं हलकं की खालची पापडी तडकलीसुद्धा नव्हती. माझा भाऊ त्याच्यापासून थोड्याच अंतरावर होता, आणि वरून काही दिसत नव्हतं.

संध्याकाळी त्याला पिंपळीला आणलं. अंगणात सगळी भावकी जमलेली. तू काहिलीतलं ते विमान दोन्ही हातांवर धरून उभा होतास, खाली ठेवायचंही तुला सुचत नव्हतं. आई रडत नव्हती. ती तुझ्याजवळ आली आणि सगळ्यांदेखत हळूच म्हणाली, "उदबत्ती लावली न्हाईस व्हय रं?" सुयोगने काय विचारलं होतं हे तिला अजून कोणी सांगितलंही नव्हतं, आणि शब्द तेच. तू मान खाली घातलीस. तेराव्याच्या आधी तू गाव सोडलंस. तुझे वडील वारले तेव्हा आलास, पण स्मशानातून परस्पर परत गेलास. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तुझी गाडी थोडा वेळ थांबली होती, हे मला नंतर कळलं. आईने ती पाहिली होती आणि उठून दार लावून घेतलं होतं.

तू काय धरून बसलास ते तू कोणाला सांगितलं नसशील, पण मला ते पाठ आहे. माझ्याकडे बघण्याच्या नादात काडी ओढायची राहिली आणि हात मात्र सवयीने वर गेला. असंच ना? मीही तेच धरून बसले होते. मी हसले म्हणून माझा भाऊ गेला. आपली सुपारी दिवाळीनंतर फुटायची होती, त्याबद्दल पुन्हा कोणी चकार शब्द काढला नाही. मीच काढू दिला नसता. माझं लग्न अजितरावांशी झालं. चांगला माणूस होता तो. पण त्यांनी कधी प्रेमाने माझ्याकडे पाहिलं की मी नजर काढून घ्यायची. आपलं काय चुकतंय, हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही, आणि मला त्यांना सांगता आलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट तुझ्या कानावर आली असेल. आमच्या घरात त्या दिवसापासून उदबत्ती लागली नाही. आई देवाला निरांजन लावायची, कापूर लावायची, गणपतीतही धूप जाळायची, पण उदबत्ती नाही. कोणी पाहुण्याने पुडा आणलाच तर ती तो चिमटीत धरून बाहेर वळचणीला ठेवायची. गाव म्हणायचं, द्वारकाबाईच्या मनातून ऋषिराजवरचा राग अजून गेला नाही. मलाही तेच वाटायचं. खरं सांगू, मला त्याचा रागही यायचा. देवासमोर ती तुझ्यावर रोज दावा मांडते, असं वाटायचं.

मी दुपारची काम करायची, कापड बेतायच्या टेबलावर. उंदरांनी कुरतडलेला कागद थिनरने भिजवून सोलला. आतला सांगाडा उघडा पडला, तेव्हा मला तो बघवेना. दोन दिवस त्यावर धोतर पांघरून ठेवलं. एक फासळी मोडली होती ती नवीन कापून बसवली. पंख जिथे जोडले आहेत तिथे सुयोगने डिंक जरा जास्त लावला होता, आणि त्या वाळलेल्या डिंकात त्याच्या अंगठ्याचा ठसा अजून आहे. रेषा न् रेषा दिसते. मी माझा अंगठा त्यावर ठेवून पाहिला. तो माझ्यापेक्षा मोठा भाऊ, मी त्याच्या मागे मागे फिरणारी, आणि आता या म्हातारीच्या हातापुढे तो ठसा पोराचा वाटला. तेवढी जागा मी घासली नाही. नवा कागदही तिथे असा लावलाय की ठसा दिसत राहील.

कागद लावून झाला की त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारायचा असतो, वाळताना तो ताणून बसतो. मी इस्त्रीची बाटली घेऊन फवारा मारला, आणि ऋषिराज, पडवीत गाळाचा वास पसरला. उजनीच्या गाळाचा. लाकडात इतकी वर्षं मुरून बसला होता तो. तू तो वास कधी विसरला नसशील, मी तर नाहीच. माझ्या हातातून बाटली पडली. आणि आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, रोजच्यासारखा, काळजी नसलेला, "सुयोग आला का गं?" आणि नंतर जे ऐकू आलं ते पाय घासत येण्याचं होतं. जिला मी उचलून बसवायची ती बाई भिंत धरून धरून पडवीपर्यंत आली.

तिने विमानाकडे बघितलंच नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर मी शेपटाजवळची पितळी नळी काढून ठेवली होती. नळीत काहीतरी घट्ट बसलं होतं, ते मी सकाळीच सुईने टोकरून बाहेर काढलं होतं आणि माती असेल म्हणून बाजूला सारलं होतं. आईने ते बोटावर घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. मग मटकन खाली बसली. मी धावले. ती म्हणाली, "लावली हुती गं त्यानं. जळलीया ही." मी म्हटलं, आई, ते जुनं कधीचं तरी असेल. त्यावर ती म्हणाली, "जुनं कुठलं? ही जाड हाय. ही मोरगावची हाय. एकच दिली हुती म्या, त्याच दिशी."

मग तिने सगळं सांगितलं. आदल्या दिवशी चतुर्थीला ती मोरगावला गेली होती, येताना देवळाबाहेरून मसाल्याच्या जाड उदबत्तीचा पुडा आणला. सकाळी निघताना सुयोग कुरकुरत होता, की बारीक उदबत्ती वाऱ्याने विझते. मी चुलीपाशी डबा भरत होते, मला हे ऐकूच आलं नाही. "म्हणलं, ही घे लेकरा, देवाची हाय, वाऱ्यानं इझत न्हाय, लवकर सरत न्हाय. माझ्या हातानं दिली." एसटी चुकेल म्हणून सुयोगनेही विचार केला नाही. नेहमीचं माप घेतलं, एक पेर. बारीक उदबत्तीचं पेर आणि मोरगावच्या जाड उदबत्तीचं पेर सारखं जळत नाही, एवढी साधी गोष्ट, पण निघायच्या घाईत दोघांच्याही लक्षात आली नाही. मी नंतर दोन्ही आणून विहिरीच्या कठड्यावर शेजारी शेजारी लावून पाहिल्या. बारीक जळून राख झाली तरी जाड अर्ध्यावरही आली नव्हती. विमानाचं शेपूट उचललं गेलं होतं, ऋषिराज. त्या दिवशी तुटलेल्या रबराकडे बघायचं भान आपल्यात कोणाला नव्हतं. ते गाळावर सावकाश उतरलंच होतं. फक्त फार उशिरा, फार लांब, आपल्याला दिसणार नाही अशा जागी.

मी आईला विचारलं, तुला हे माहीत होतं तर तू इतकी वर्षं बोलली का नाहीस? तिचं उत्तर जसंच्या तसं लिहिते. "म्हाईत कुठं हुतं? त्यानं मान खाली घातली तवा वाटलं, लावली नसंल. लावली असंल तर म्या मारला माझा ल्योक. न्हाय लावली तर त्यानं. काय खरं ते त्या इमानात हुतं. म्या बघितलंच न्हाय. बांधलं आन् वर ठिवलं." म्हणजे माळ्यावर तिने पोराची आठवण जपली नव्हती. तिने एक उत्तर लपवलं होतं, स्वतःपासूनसुद्धा. आणि तिची ती न लावलेली उदबत्ती तुझ्यावरचा राग नव्हता. तुझी गाडी बघून तिने दार लावलं ते संतापाने नव्हे, भीतीने. तू आत येऊन ठामपणे म्हणाला असतास, काकू, मी लावली होती, तर जाड उदबत्ती कोणी दिली हे तिला बोलावं लागलं असतं.

मी फार चिडले. तीन माणसांची आयुष्यं तिने लुगड्यात बांधून ठेवली, असं मी तिला तोंडावर म्हटलं. कितीतरी दिवस मी तिला घास भरवायची आणि एक शब्द बोलायची नाही. ती निमूट खायची. एकदा फक्त माझं मनगट धरून म्हणाली, "ऋष्याला म्या हाय तवर सांगू नगंस. मला त्येचं त्वांड बघवायचं न्हाय." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. विमान तयार झालं तेव्हा तिच्या खाटेवर आढ्याला टांगलं. टांगलं की त्याचं नाक हळूहळू वळून इंदापूरच्या दिशेला, उजनीकडे व्हायचं. मी हूक बदलला, दोरा बदलला, तरी तेच. खिडकीचा वारा असेल. आई पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत राहायची आणि वरून शिकाऊ विमान गेलं की हातानेच मला गप्प राहायला सांगायची.

आई कशी आहे, त्यावर आता येते. आई गेली, ऋषिराज, या श्रावणातच. दहावा नरसिंहपूरला केला, भीमा-नीरेच्या संगमावर, चुलतभाऊ झुंबरने. दोन्ही नद्या भरून चालल्या होत्या. पिंड ठेवला आणि कावळे समोरच्या झाडावर बसून राहिले, एकही खाली उतरेना. झुंबरने हात जोडून कबूल केलं, काकू, संजीवनीला आम्ही अंतर देणार नाही. कावळा नाही. मावशीने कबूल केलं, घरात दिवा चुकणार नाही. कावळा नाही. माणसं कुजबुजायला लागली, म्हातारीचं कशात अडकलंय. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा मी उठले. पिंडाजवळ वाकले आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, आई, मी ऋषिराजला सांगते, आणि तुला त्याचं तोंड बघावं लागणार नाही. कावळा लगेच उतरला. त्याला भूक लागली असेल, असं तू म्हणशील, तुझा राउरकेल्याच्या कारखान्यात मुरलेला स्वभाव. मीही तसं म्हणून बघितलं. पण शब्द दिला तो दिला, आणि घरी आल्यावर देव्हाऱ्यात एक बारीक उदबत्ती लावून मी हे पत्र लिहायला बसले. तू पिंपळीला ये असं म्हणत नाही. आलास तर विमान तयार आहे, मागून धरणारा माणूस तेवढा नाही. दोरी मी ओढेन, माळावर ओढेन, पाण्याकडे नाही. आता पुडी उघड. आत तो तुकडा आहे. त्याची एक बाजू ब्लेडने ताशीव आहे, जाड उदबत्ती नळीत बसावी म्हणून तू तासलीस ती. ब्लेडचं काम तुझंच असायचं, सुयोग हात कापून घ्यायचा. दुसरं टोक जळून काळं झालेलं आहे. नीट बघ ते, उजेडात ने, तुझ्या बायकोलाही दाखव. तू आधी उदबत्ती लावलीस, ऋषी. माझ्याकडे नंतर पाहिलंस.

तुझीच,
संजीवनी